यूकेटीव्हीच्या माहितीपर वाहिन्या : नामांतराचा इतिहास

ब्रिटनमधील यूकेटीव्ही या वाहिनीसमूहाच्या इतिहासात माहितीपर वाहिन्यांची नामांतरे विशेष लक्षणीय ठरतात. बीबीसीची व्यापारी शाखा व फ्लेक्सटेक ही खाजगी कंपनी यांच्या भागीदारीतून १९९७ मध्ये ‘यूके होरायझन्स’ ही वाहिनी निघाली. परवानाशुल्कावर निर्माण झालेले बीबीसीचे माहितीपट येथे जाहिरातींच्या आधाराने पुनः दाखविले जात. २००२ मध्ये ‘यूके हिस्टरी’ आली. २००४ मध्ये ‘होरायझन्स’च्या जागी ‘यूकेटीव्ही डॉक्युमेंटरी’ व ‘यूकेटीव्ही पीपल’ या दोन वाहिन्या झाल्या. ही नावे बहुतांशी वर्णनपर होत. नावावरूनच विषय कळे.

२००७ मध्ये याच समूहाची एक मनोरंजनवाहिनी ‘डेव्ह’ या व्यक्तिनामाने पुढे आली व लोकप्रिय झाली. त्यानंतर २००९ मध्ये ‘हिस्टरी’ची ‘येस्टरडे’, ‘डॉक्युमेंटरी’ची ‘ईडन’ आणि ‘पीपल’ची ‘ब्लायटी’ झाली. विषयवाचक नामांची जागा भावसूचक नामांनी घेतली.

त्यांतही ‘ब्लायटी’ हा शब्द मननीय होय. अरबी ‘विलायत’पासून हिंदुस्थानीत ‘विलायती’ हे रूप सिद्ध झाले. भारतातील ब्रिटिश सैनिकांच्या तोंडी त्याचा अपभ्रंश होऊन पहिल्या महायुद्धात तो मायदेशाचा वाचक म्हणून रूढ झाला. मराठी भाषकास जी ‘विलायत’ सातासमुद्रांपलीकडची, तीच येथे घरची ठरली. ब्रिटिश जीवनास वाहिलेल्या वाहिनीचे नाव असे भारतातून गेलेले होते.

तथापि ‘ब्लायटी’ २०१३ मध्ये बंद पडली व तिच्या जागी ‘ड्रामा’ आली. नाव पुनः वर्णनपर झाले. परंतु माहितीपटांचे स्थान नाट्यमालिकांकडे गेले.