विडीचा धंदा आणि अनिश्चिततेचे ओझे

सिन्नरचा इतिहास निघाला की वक्ता गोंदेश्वरापासून सुरुवात करतो आणि बहुधा यादवांपाशीच थांबतो. आम्ही आज थोडे अलीकडे येणार आहोत. काळ अनिश्चित असता धंद्याने नवे काय करावे, हा प्रश्न सध्या सर्वत्र विचारला जातो. त्याचे एक उत्तर, आणि त्या उत्तराची किंमतही, आपल्या गावच्या विडीधंद्यात सापडते.

हा तालुका पर्जन्यछायेतला. पाऊस लागला तर पीक, नाहीतर हात रिकामे. विडीची तंबाखू पिकते ती निपाणीकडे आणि गुजरातेतील चरोतरात. टेंभुर्णीची मोठी राने आहेत विदर्भात व मध्य प्रदेशात. मग धंदा येथे का रुजला? कारण येथे रिकामे हात होते, आणि बाकीचे सारे बाहेरून आणता येत होते.

ते आणता यावे, ही सोयदेखील एका दुष्काळाने करून दिली. पूर्वी विडीला आपट्यासारखी पाने वापरीत. १८९९-१९०० च्या छप्पन्नाच्या दुष्काळात गुजरातेतून काही कुटुंबे पोटासाठी जबलपूरकडे गेली. तेथे त्यांना टेंभुर्णीचे पान गवसले, असे या धंद्याचे इतिहासकार सांगतात. हे पान उन्हाळ्यात तोडून वाळवले की टिकते, भिजवले की पुन्हा मऊ होते आणि आगगाडीने कोठेही जाते. संकटात नवे यंत्र निघाले नाही. जुन्या वस्तूला नवे पान मिळाले, एवढेच. पण तेवढ्याने धंद्याचा भूगोल बदलला.

दुसरा नवेपणा मांडणीतला. विडीला यंत्र लागत नाही. कात्री, सूप आणि सराईत बोटे पुरतात. म्हणून कारखानदाराने पान-तंबाखू घरोघर दिली आणि हजारी दराने वळलेल्या विड्या घेतल्या. इमारतीत भांडवल अडकले नाही. मागणी वाढली की काम वाढवावे, घटली की आखडावे. मालकाच्या दृष्टीने ही युक्ती खरोखर चतुर होती.

परंतु अनिश्चितता त्यामुळे नाहीशी झाली काय? नाही. ती पेढीवरून उठली आणि ओसरीवर सूप घेऊन बसलेल्या बाईच्या माथी गेली. मागणी घटली की तिचे काम घटे. विडी नापसंत ठरून ‘छाट’ निघाली की तिची मजुरी बुडे. आणि तंबाखूची धूळ तिच्याच छातीत जाई. किमान वेतनाचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६२ च्या त्या निकालावर सिन्नरच्या भिकुसा यमासा क्षत्रिय या पेढीचे आणि संगमनेर-अकोले तालुक्यांच्या विडी कामगार युनियनचे नाव आहे. पुढे १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी विड्या वळणारीलाही कामगार मानले. १९७६ साली कल्याण निधीचा कायदा झाला. यंत्रावाचून झालेल्या या धंद्यातील तिसरा नवेपणा आम्ही हाच समजतो, आणि तो मालकांनी नव्हे, कामगारांनी घडविला.

आज मुसळगावची सहकारी औद्योगिक वसाहत आणि माळेगावची एमआयडीसी ही गावाची नवी ओळख आहे. तेथेही मंदी येते आणि नव्या युक्त्या निघतात. अशा प्रत्येक युक्तीला आपण सिन्नरकरांनी एकच प्रश्न विचारावा: हे ओझे हलके झाले, की केवळ दुसऱ्याच्या डोक्यावर गेले? हा प्रश्न विचारण्याचा अधिकार या गावाने विड्या वळून मिळविला आहे.