वेतन आणि वतन

राज्यकर्त्यांच्या सद्गुण-दुर्गुणांवरून राज्यांचे उत्कर्षापकर्ष सांगण्याची आपल्या इतिहासलेखनाला जुनी सवय आहे. सेवकाला मोबदला कोणत्या रूपाने मिळतो आणि त्यामुळे त्याचे हित कशात गुंतते, हा प्रश्न मात्र मागे राहतो.

मोगल साम्राज्यात मनसबदाराला बहुधा रोख वेतनाऐवजी जहागीर, म्हणजे विशिष्ट प्रदेशाच्या महसुलावरील हक्क मिळे. तो कुठे रुजू नये म्हणून जहागिरी वारंवार बदलल्या जात. बादशाहीच्या दृष्टीने ही दक्षता चोख होती. परंतु जो मुलूख थोड्याच वर्षांत सोडायचा, तेथे विहिरी आणि लागवड यांची चिंता जहागीरदाराने का करावी? सतराव्या शतकातील फ्रेंच प्रवासी बर्नियेने हेच निदान केले होते. इरफान हबीब यांनी १९६३ च्या आपल्या ग्रंथात कृषिसंकटाची मीमांसा याच सूत्राने केली. पुढील संशोधकांनी काही प्रांतांतील समृद्धीकडे बोट दाखवून तिला मर्यादाही घातल्या.

शिवाजी महाराजांपुढील अडचण उलट होती. देशमुख-देशपांड्यांची वतने वंशपरंपरागत असल्याने ती माणसे मातीत रुजलेली, पण म्हणूनच सत्तेला अनावर होती. महाराजांनी वतने सरसकट बुडविली नाहीत. मात्र वतनदारांचे वाडे-हुडे पाडले आणि सेवकांना मुलूख तोडून देण्यापेक्षा रोख वेतन किंवा खजिन्यावरील वरात देण्याचे धोरण ठेवले. सभासदाने ही व्यवस्था आपल्या बखरीत नोंदविली आहे.

ही बखर राजारामाच्या आज्ञेने जिंजीत लिहिली गेली, आणि नेमके त्याच काळात ते धोरण सुटत होते. खजिना रिता, छत्रपती दूर कर्नाटकात, आणि औरंगजेब मराठा सरदारांना मनसबी व वतने देऊ करीत होता. तेव्हा जिंकलेला मुलूखच सरदारांना देण्याचे आश्वासन राजारामाला द्यावे लागले. त्याने राज्य तगले, हे नाकारता येत नाही. पण राज्यरक्षण आणि स्वतःची दौलत वाढविणे ही दोन्ही कामे तेथून एक झाली. वतनदार हे राज्याचे दायादच होत, हा रामचंद्रपंत अमात्यांचा आज्ञापत्रातील इशारा या अनुभवातून आला आहे.

१७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथाने चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आणल्या, तेव्हा हा धोका त्याला दिसत असावा. वसुलाच्या बाबती, मोकासा, सहोत्रा, नाडगौडा अशा वाटण्या करून एकाच सरदाराचे हक्क अनेक परगण्यांत विखुरले गेले. कोणी स्वतंत्र होऊ नये आणि प्रत्येकाचे हित सर्वांत गुंतावे, ही योजना दख्खनेत काही काळ चालली. माळवा-गुजरातेत मात्र शिंदे, होळकर, पवार, गायकवाड यांचे सरंजाम सलग व वंशपरंपरागत झाले. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसर येथे यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या फौजेचा पराभव केला. ३१ डिसेंबरला बाजीरावाने वसईचा तह करून इंग्रजांचा आश्रय घेतला.

या घटनेकडे केवळ फितुरी म्हणून पाहणे सोपे आहे. परंतु ज्या सरंजामी व्यवस्थेने मराठ्यांना अटकेपर्यंत नेले, तिनेच सरदारांना पुण्याहून स्वतंत्र असे हितसंबंध दिले होते. विस्ताराला उपयोगी पडलेली प्रेरणा एकजुटीच्या कामी आली नाही. वेतन देण्याचे सामर्थ्य नसलेल्या सत्तेला वतन द्यावे लागते. आणि एकदा दिलेले वतन परत घेण्याचे सामर्थ्य तिच्यात क्वचितच उरते.