सालममिश्रीचं मूळ गाव

सोलापुरातल्या काष्ठौषधींच्या दुकानात सालमपंजा मागितला, तर हाती येतो तो पिवळट, शिंगासारखा कडक कंद. मध्ये तळवा, खाली तीन-चार बोटं. दळून दुधात शिजवला की खळीसारखा दाटतो. हा कंद एका आमरीचा, म्हणजे ऑर्किडचा, आणि पर्जन्यछायेतल्या या जिल्ह्यात ती उगवणं शक्य नाही. तिला हिमालयातली तीन हजार मीटरच्या आसपासची ओलसर कुरणं लागतात. मग तिच्या या कंदाला ‘सालममिश्री’ही का म्हणायचं? मिश्री म्हणजे खडीसाखर, असं अनेक जण धरून चालतात. पण कंद काही साखरेसारखा गोड नसतो. युनानी हकिमांचं नाव ‘सालब मिस्री’, आणि मिस्र म्हणजे इजिप्त. अरबीत सालब म्हणजे कोल्हा. पश्चिम आशियातल्या आमरींच्या गोल जोडकंदांना तिकडे कोल्ह्याचं वृषण म्हणत. ग्रीकांचा ‘ऑर्किस’ म्हणजेही वृषणच. आकारावरून गुण ठरवायचा, या जुन्या समजुतीतून कंद वाजीकर ठरला. आपल्या बरणीतला कंद मात्र गोल नाही, पंजासारखा आहे. हिमालयात त्याला हत्ताजडी म्हणतात, आणि डेव्हिड डॉन यांनी १८२५ मध्ये त्याच्या शास्त्रीय नावात ‘हातागिरिया’ घातलं. माझ्या मते नाव आणि कीर्ती पश्चिमेकडून आली आणि हिमालयातल्या मालाला चिकटली.

यावर आक्षेप येईल की चरकसंहितेतला बलवर्धक मुंजातक म्हणजे हाच कंद, असं काही अभ्यासक मानतात. मग त्याला परका कसं म्हणायचं? ती ओळख खरी धरली, तर वापर इथला जुना ठरतो, नाव नाही. आयुर्वेद आणि युनानी या दोन्ही वैद्यकांची देवघेव तर दख्खनला नवी नव्हती. सोलापूरच्या शेजारी विजापुरात, आदिलशाही दरबारातल्या फिरिश्ता या इतिहासकाराने भारतीय वैद्यकावर फारसीत ग्रंथ लिहिला होता.

नावाचा हा घोळ निरुपद्रवी नाही. ‘मिश्री’ ऐकणाऱ्याला साखर आठवते, उपटलेलं झाड आठवत नाही. कंद काढला की झाड गेलं. बी धुळीसारखं बारीक, त्यात अन्नसाठा नाही. विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजतं. त्यामुळे खणलेलं कुरण लवकर भरून येत नाही. आपल्याकडचा अमरकंद पर्याय म्हणून चालेल, असं कोणी म्हणेल. पण तोही रानातल्या आमरीचाच कंद, म्हणजे खणणं फक्त हिमालयातून सह्याद्रीत येईल. त्यापेक्षा ताकदीसाठी शेतात पिकणारी अश्वगंधा किंवा शतावरी वैद्यांना विचारून घ्या, आणि सालमपंजा बरणीतच राहू द्या.