कोराडी-खापरखेड्याचा कोळसा कुठला, पाणी कुणाचं?

सावरगाव : पांढुर्णा किंवा सौंसरहून नागपूरला जाताना सावनेर मागं पडलं की कोराडीच्या उंच चिमण्या दिसायला लागतात. या पट्ट्यात महानिर्मितीची दोन औष्णिक केंद्रं आहेत. कोराडीत 660 मेगावॅटचे तीन मोठे संच, तर शेजारच्या खापरखेड्यात 210 चे चार आणि 500 चा एक, म्हणजे एकूण 1340 मेगावॅट.

आधी कोळसा. एका युनिटला ढोबळमानानं 700 ग्रॅम लागतो. कोराडीचे तिन्ही संच दिवसभर पूर्ण क्षमतेनं चालले तर पावणेपाच कोटी युनिट वीज होते आणि 33 हजार टन कोळसा जळतो. मालगाडीचे आठ-नऊ रेक, तेही रोज! वेकोलिच्या खाणी जवळच आहेत. तिथून कमी पडला तर कोळसा दुसऱ्या राज्यातूनही येतो. पाण्याचं मात्र तसं नाही.

बॉयलरमधल्या पाण्याची वाफ टर्बाइन फिरवते, मग थंड होऊन तेच पाणी पुन्हा वापरात येतं. खरं पाणी जातं ते कूलिंग टॉवरमधून, हवेत उडून. केंद्र सरकारच्या नियमातली युनिटमागं साडेतीन लीटरची मर्यादा धरली, तर या तीन संचांना दिवसाला साडेसोळा कोटी लीटरच्या वर पाणी लागेल.

हे पाणी पेंचचं, आणि पेंच उगम पावते छिंदवाडा जिल्ह्यात. तोतलाडोह प्रकल्प दोन्ही राज्यांचा. तिथल्या 160 मेगावॅट जलविद्युतेचे दोन हिस्से मध्य प्रदेशाला, एक महाराष्ट्राला. खाली नवेगाव खैरीच्या पाण्यावर मात्र नागपूर शहर, कालव्यावरची शेती आणि ही केंद्रं, सगळेच अवलंबून. वर चौराईजवळ माचागोरा धरण झालं, त्यात पाऊस लांबला आणि जुलै 2019 मध्ये नागपुरात आठवड्यातले तीन दिवस नळ बंद ठेवायची वेळ आली. तिकडं धरणाला दोष देतात. इकडच्या शेतकऱ्याला त्याच धरणातून ओलीत मिळतं.

कोराडीच्या नव्या संचांसाठी नागपूरचं सांडपाणी भांडेवाडीत शुद्ध करून आणतात. त्या केंद्राची क्षमता रोज 13 कोटी लीटर. गरजेचा मोठा वाटा त्यातून भागू शकतो, आणि तेवढं पेंचचं पाणी वाचतं.

आता लोहघोगरीजवळून कन्हानचं पाणी बोगद्यानं तोतलाडोहात नेण्याचा महाराष्ट्राचा प्रस्ताव आहे. आपली जाम कन्हानलाच मिळते. बोगदा झाला तर रामाकोन्याच्या पुलाखाली उन्हाळ्यात किती पाणी उरेल, हे सौंसरकरांनी आत्ताच विचारून ठेवलेलं बरं.