घरात पाळलेल्या कासवाला उष्णता कशी द्यायची? बल्ब, थर्मोस्टॅट आणि −१२७ चा घोळ

डिसेंबर-जानेवारीत आमच्या नेरे परिसरात पहाटे माथेरानच्या डोंगराकडून असला गार वारा येतो की आपण चादर डोक्यावरून घेतो. कासवाला तसं करून उपयोग नाही. त्याचं शरीर स्वतःची उष्णता तयार करत नाही, त्यामुळे चादर गुंडाळली तरी आत ऊब येणार कुठून? ती बाहेरूनच मिळावी लागते. थंडीत खाल्लेलं नीट पचत नाही आणि कासव एका जागी बसून राहतं.

पण आधी एक महत्त्वाची गोष्ट. आपल्याकडचं स्टार कासव, म्हणजे चांदणी कासव, घरात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार गुन्हा आहे. 'लकी' म्हणून कोणी विकत असेल तरीही. असं कासव सापडलं तर वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा. परदेशी जातींपैकी एक म्हणजे आफ्रिकेतलं सल्काटा. त्याची नोंद २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. खाली जे आकडे दिलेत ते सल्काटाच्या पिल्लासाठी आहेत.

तापमान किती हवं?

एकच आकडा धरून चालत नाही. पेटीच्या एका टोकाला ऊन खाण्याची जागा हवी. तिथे फरशीचं तापमान ३५ ते ३८ अंश सेल्सिअस. दुसरं टोक २६ ते २८ च्या आसपास. मग कासव स्वतःच ठरवतं कधी तापायचं आणि कधी सावलीत जायचं. रात्री पिल्लाला २४-२५ च्या खाली जाऊ देऊ नका.

आता हे मोजायचं कशाने? मोबाइलमधल्या 'रूम थर्मामीटर' ॲपने नाही! बहुतेक फोनमध्ये हवेचं तापमान मोजणारा सेन्सरच नसतो. ॲप एकतर इंटरनेटवरचं पनवेलचं हवामान दाखवतं, नाहीतर बॅटरीच्या तापमानावरून अंदाज करतं. फरशीसाठी इन्फ्रारेड गन आणि हवेसाठी वायरचा प्रोब असलेलं साधं डिजिटल थर्मामीटर घ्या. प्रोब कासवाच्या पाठीच्या उंचीवर लावायचा. छताजवळ लावाल तर रीडिंग चुकेल.

बल्ब कोणता?

दिवसा हॅलोजन चांगला, कारण त्याची उष्णता सूर्यासारखी जरा आतपर्यंत जाते. रात्री सिरॅमिक हीटर, कारण त्याला उजेड नसतो. तो प्लॅस्टिकच्या होल्डरमध्ये लावू नका, होल्डर वितळतो. चिनी मातीचाच हवा. पोटाखाली ठेवायचे हीटिंग पॅड आणि गरम दगड टाळा. कासवाला ऊन वरून येण्याची सवय असते, खालून भाजतंय हे त्याला वेळेत कळत नाही.

उष्णतेसोबत यूव्हीबी ट्यूबही लागते. ती किरणं मिळाली नाहीत तर शरीरात ड जीवनसत्त्व बनत नाही, कॅल्शियम लागू होत नाही आणि कवच मऊ पडतं. खिडकीच्या काचेतून ऊन येतं, पण यूव्हीबी काचेतच अडतं. आपल्या पावसाळ्यात आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, तेव्हा तर ही ट्यूब हवीच.

खर्चाचं म्हणाल तर १०० वॉटचा बल्ब १० तास चालला की १ युनिट. महिन्याला ३०.

थर्मोस्टॅट, आणि माझी चूक

नेरेतच राहणाऱ्या माझ्या मावसभावाकडे सल्काटाचं पिल्लू आहे. रेडीमेड थर्मोस्टॅट घेण्याऐवजी मी म्हटलं, मी बनवतो. इंजिनिअर ना आपण! ईएसपी३२ बोर्ड, डीएस१८बी२० सेन्सर आणि एक रिले. ३४ च्या खाली गेलं की हीटर चालू, ३६ च्या वर गेलं की बंद. मधलं दोन अंशांचं अंतर मुद्दाम ठेवलेलं, नाहीतर रिले सारखा टकटक करत राहतो.

दोन आठवडे मस्त चाललं. मग एक दिवस पिल्लाने सेन्सरची वायर ओढली. या सेन्सरची जी लायब्ररी सगळे वापरतात ती वायर तुटली की एरर देऊन थांबत नाही, −१२७ हा आकडा परत करते. माझ्या कोडने पाहिलं, −१२७ हे ३४ पेक्षा कमी आहे. हीटर चालू. पुढचं रीडिंगही −१२७. हीटर चालूच! तापलेल्या फळीचा वास आला म्हणून मावशीने बटण बंद केलं. पेटी चार फूट लांब होती आणि पिल्लू दुसऱ्या टोकाला जाऊन बसलं होतं, म्हणून वाचलं. लहान खोक्यात असतं तर जायला जागाच नव्हती.

आता कोडमध्ये ५ ते ५० अंशांच्या बाहेरचं कुठलंही रीडिंग आलं की हीटर आधी बंद होतो आणि मग फोनवर मेसेज येतो. (हाच सेन्सर वीज आल्या आल्या कधीकधी ८५ सांगतो, तेही यातच गाळलं जातं.) कोड अडकला तर बोर्ड आपोआप रीस्टार्ट व्हावा म्हणून वॉचडॉग टायमर लावलाय. पण रिलेचे कॉन्टॅक्ट आतून चिकटले तर कोड काहीच करू शकत नाही. म्हणून त्याच वायरवर एक वेगळा रेडीमेड थर्मोस्टॅट ४२ अंशांना तोडणारा ठेवलाय. त्याला स्वतःचा प्रोब आहे. वायरी सगळ्या पाइपमधून. मेन्सचं काम इलेक्ट्रिशियनकडून करून घेतलं, तुम्हीही तसंच करा.

हॅलोजनला मात्र असा चालू-बंद थर्मोस्टॅट नको. दिवा सारखा लागतो-विझतो आणि बल्ब लवकर जातो. त्याला डिमर टाइप लागतो.

स्मार्ट प्लग वापरणार असाल तर ॲपमध्ये एक सेटिंग बघून घ्या: लाइट जाऊन परत आल्यावर प्लग चालू होतो, बंद राहतो की आधीच्या स्थितीत जातो? पहाटे तीनला लाइट आली आणि प्लग बंदच राहिला तर सकाळपर्यंत कोणाला कळणार नाही. वेळापत्रक फक्त क्लाउडवर असेल तर वायफाय गेल्यावर तेही जातं.

आणि एप्रिल-मेमध्ये खोलीच ३६ वर गेली की बल्ब बंद ठेवा, यूव्हीबी ट्यूब तेवढी चालू राहू द्या. तेव्हा काळजी घ्यायची ती थंड टोकाची. तिथे ओली फरशी किंवा पाण्याचं उथळ ताट ठेवा. पावसाळ्यात याच्या उलट, पेटी कोरडी राहील हे बघा. गारवा आणि ओल एकत्र आली की छातीचा संसर्ग होतो. नाकातून बुडबुडे दिसले तर हीटर वाढवून वाट बघत बसू नका, सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे त्याच दिवशी न्या.