लग्नाचा अर्थ कोण ठरवणार?

समलिंगी विवाहाचा विषय निघाला की आपल्यातलेही काहीजण म्हणतात, लग्नाचा अर्थ बदलता येत नाही. आम्ही म्हणतो, इतिहास पहा.

१८७३ मध्ये सत्यशोधकांनी भटजीशिवाय लग्न लावले, ते सनातन्यांचा विरोध पत्करून. पेरियारांच्या चळवळीतला स्वाभिमान विवाह मद्रास उच्च न्यायालयाने १९५३ मध्ये अवैध ठरवला. १९६७ मध्ये अण्णादुराईंच्या सरकारने कायदा केला आणि तेच लग्न वैध झाले. म्हणजे लग्नाचा अर्थ बदलतो. तो बदलतात ज्यांना लग्नाच्या मांडवाबाहेर ठेवले गेले तेच लोक.

बाबासाहेबांनी १९१६ मध्येच सांगितले होते की जात टिकते ती जातीतल्या जातीत होणाऱ्या लग्नावर. मग 'पवित्र विवाहसंस्था' वाचवणारे नेमके काय वाचवतात? १९३४ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला. समलिंगी संबंधांवरचे प्रश्नही त्यात वादाचे होते. र. धों. कर्व्यांच्या बाजूने वकील म्हणून बाबासाहेब उभे राहिले. खटला हरले, पण भूमिका सोडली नाही.

१७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता नाकारली आणि निर्णय संसदेवर सोडला. संसदेत बहुसंख्याकांची नैतिकता कशी आडवी येते, हे हिंदू कोड बिलाने दाखवले आहे. त्याच मुद्द्यावर बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले.

विधिकर्त्याशिवाय, सप्तपदीशिवाय केलेले लग्न खरे मानायला आम्ही जगाला भाग पाडले. आता दुसऱ्याच्या लग्नाला खोटे म्हणण्याचा अधिकार आम्हाला कुणी दिला?

जय भीम!