तळटीप : ‘इन्स्पेक्ट करून आकडा बदलला’

* ब्राउझरमध्ये एफ१२ दाबले, किंवा पानावरच्या एखाद्या शब्दावर राइट-क्लिक करून ‘इन्स्पेक्ट’ निवडले, की त्या पानाचा एचटीएमएल कोड बाजूच्या चौकटीत उघडतो. तिथे मजकुरावर डबल-क्लिक करून ४,२०० च्या जागी ४,२०,००० लिहायचे आणि एंटर मारायचे. पानावर लगेच तोच आकडा दिसतो, त्याच टायपात, त्याच रंगात. मात्र हा बदल आपल्या संगणकाच्या मेमरीतल्या प्रतीपुरताच. सर्व्हरवरची नोंद जशीच्या तशी राहते आणि पान रिफ्रेश करताच जुना आकडा परत येतो. तेव्हा पुढच्या परिच्छेदात लेखकाने याला ‘खाते हॅक केले’ म्हटले आहे, ती निव्वळ अतिशयोक्ती. ही सोय मुळात वेबसाइट घडवणाऱ्यांसाठी आहे : मार्जिन, अक्षरांचा रंग वगैरे मूळ फाइलला हात न लावता बदलून पाहता यावे म्हणून. जो ह्युइट यांच्या फायरबग (२००६) या फायरफॉक्सच्या एक्स्टेन्शनने ती लोकप्रिय केली. आता ती डेस्कटॉपवरच्या सगळ्या प्रमुख ब्राउझरांत असतेच. पैसे पाठवल्याचा पुरावा म्हणून कोणी स्क्रीनशॉट दाखवला, तर वाचकांनी आपले खाते स्वतः उघडून पाहावे. — संपा.